घोड्याची धाप आणि कातडीची साक्ष

दिवाळीच्या चार रात्री मी मागच्या खोलीत खिडक्या लावून बसतो. अंगणात पोरे भुईनळे उडवीत असतात, बायको दाराच्या फटीतून फराळाची ताटली आत सरकवते, आणि मी तोंडाला फवाऱ्याची नळी लावून श्वास मोजीत असतो. दमेकऱ्याची दिवाळी ही अशीच. या चार रात्रींत वाचन मात्र भरपूर होते, आणि गेली दोन वर्षे मी जे वाचीत आलो त्याचा विषय सांगितला तर वाचक हातातली चकली खाली ठेवतील. विषय आहे घोड्यांच्या दम्याचा इतिहास.

याचे निमित्त असे झाले. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका डॉक्टरांनी माझ्या दम्याचे मूळ शोधण्यासाठी माझ्या हाताची परीक्षा घेतली. कोपरापासून मनगटापर्यंत पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेका द्रावाचा थेंब ठेवला आणि थेंबातून सुईचे टोक अलगद टोचले. कशात घरातली धूळ, कशात बुरशी, कशात गवताचे पराग, कशात झुरळ. वीस मिनिटे हात टेबलावर पसरून मी बसलो होतो. वर्गात हात पुढे करून बसलेल्या पोराची अवस्था त्या दिवशी मला प्रथम कळली. थोड्या वेळाने काही खुणांवर डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. डॉक्टर पट्टी लावून त्या मोजता मोजता सहज म्हणाले, “मास्तर, विलायतेत हीच परीक्षा घोड्यांचीही घेतात. पण घोड्यांच्या बाबतीत एक गंमत आहे...” इतक्यात बाहेरून कोणी हाक मारली, डॉक्टर उठून गेले आणि गंमत तशीच राहिली.

माझ्यासारख्याला अर्धे वाक्य चैन पडू देत नाही. मी कादंबऱ्या लिहितो, शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो. शास्त्र म्हणाल तर मॅट्रिकला मिळाले तेवढेच. तरीही ते वाक्य पुरे करण्याच्या मागे मी लागलो, त्याला आणखी एक कारण होते. आमच्या आजोबांची पाखरी.

आजोबांना आम्ही आबा म्हणत असू. साताऱ्याच्या बाजूला आमच्या गावात एस.टी.च्या थांब्यापासून बाजारपेठेपर्यंत त्यांचा टांगा चाले. पाखरी कुमाईत रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी. तिला रोज सकाळी खरारा, संध्याकाळी तोबऱ्यातून भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी. आबा आपल्या पोरांशी बोलले नसतील इतके तिच्याशी बोलत. १९८७ च्या पावसाळ्यात ती खोकू लागली. आधी सकाळी दाण्याच्या वेळी दोन-चार ठसके, मग चढावर धाप, मग उभ्या उभ्याच धाप. नाकपुड्या फुलायच्या, आणि श्वास बाहेर टाकताना पोट दोनदा आत ओढले जायचे, एकदा आपसूक आणि एकदा जोर लावून. बरगड्यांच्या खालून एक तिरपी रेघ उमटायची. ती रेघ माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

आबांनी सालोत्री आणला. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणतात ते शालिहोत्र ऋषींच्या नावावरून. पण ऋषींची विद्या आमच्या सालोत्र्यापर्यंत येता येता फार पातळ झाली असावी. त्याने नजर लागल्याचे सांगितले आणि कडुलिंबाची धुरी द्यायला लावली. आबांनी घोडीला वारा लागू नये म्हणून गोठ्याच्या फटींत पोती कोंबली, खाली कोरड्या गवताचा जाड बिछाना केला, वर माळ्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्याच. त्या बंद गोठ्यात सकाळ-संध्याकाळ धुरी. पाखरी वाचावी म्हणून त्या म्हाताऱ्याने जे जे केले ते आज आठवले की माझ्याच छातीत घरघर सुरू होते. का, ते पुढे कळेल.

घोड्याची ही धाप नवी नाही. इंग्रजीत तिला ‘हीव्ज’ म्हणत, आणि असा घोडा ‘फुटल्या दमाचा’ म्हणून ओळखला जाई. लिचफील्ड या इंग्लंडमधल्या गावी जॉन फ्लॉयर नावाचा एक वैद्य होता. तो स्वतः दमेकरी. १६९८ साली त्याने दम्यावर एक ग्रंथ छापला, आणि त्यात दम तुटलेल्या एका घोडीचे प्रेत फाडून तिची फुप्फुसे कशी दिसली हे लिहून ठेवले. ती फुगलेली होती, आत गेलेली हवा आतच कोंडलेली. आपल्या छातीत काय चालले आहे हे पाहण्यासाठी दमेकरी माणसाने घोडीचे काळीज उघडावे, या चित्रापाशी मी बराच वेळ थबकलो. माणसाचा दमा आणि घोड्याचा दमा यांची सोयरीक तिथून सुरू होते असे मी धरतो.

वैद्यांच्या आधी मात्र या रोगाची खरी ओळख घोड्यांच्या व्यापाऱ्यांना होती. घोडा बाजारात उभा असताना धाप लपवायची कशी, हे ते जाणत. शिशाच्या छऱ्यांबरोबर चरबी चारून घोड्याचा श्वास तात्पुरता बसवण्याची युक्ती जुन्या पुस्तकांत सापडते. या लबाडीपुढे शेवटी सरकारला कायदा करावा लागला. फ्रान्समध्ये १८३८ च्या कायद्यात ही धाप विक्री मोडण्याजोग्या दोषांच्या यादीत घातली, आणि गिऱ्हाइकाला तक्रारीसाठी नऊ दिवसांची मुदत दिली. जर्मनीत १८९९ च्या फर्मानात हीच मुदत चौदा दिवसांची होती. आपल्याकडे मात्र घोड्याचे दात पाहून पैसे मोजले की व्यवहार संपला.

आता कातडीच्या परीक्षेकडे वळतो. तिचा जनक मँचेस्टरचा एक डॉक्टर, चार्ल्स ब्लॅकली. त्याला दर उन्हाळ्यात शिंकांचा आणि धापेचा त्रास होई. तो काळ असा की या विकाराचे खापर कोणी उन्हावर फोडी, कोणी हवेतल्या वायूंवर. ब्लॅकली एकदा गावाबाहेरच्या रस्त्याने चालला असता एक घोडागाडी भरधाव गेली, धूळ उडाली आणि त्याला शिंकांची सरबत्ती सुरू झाली. दुसरा कोणी असता तर त्याने गाडीवानाला चार शिव्या घातल्या असत्या. ब्लॅकलीने त्या रस्त्यावरची धूळ सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यात गवताचे पराग पाहिले. मग त्याने आपल्याच हाताची कातडी खरवडून त्यावर पराग चोळले. गांधी उठली. पतंगाला चिकट काचा बांधून उंच आकाशातले परागही त्याने पकडले. १८७३ साली त्याचे पुस्तक निघाले. नाकाचा आणि छातीचा रोग कातडीला विचारता येतो, हे त्याने दाखवले ते स्वतःच्या कातडीवर. अशा माणसांविषयी मला नेहमीच आदर वाटतो. दुसऱ्याच्या कातडीवर प्रयोग करणारे जगात पुष्कळ असतात.

गांधी उठते हे दिसले, पण का उठते हे कळायला घोडाच कामी आला. १८९० नंतरच्या दशकात घटसर्पावर नवा उपाय निघाला. घोड्याला घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचायचे, त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार झाला की ते रक्त काढायचे, आणि त्यातले पिवळसर पाणी, म्हणजे सिरम, आजारी मुलाला टोचायचे. हजारो मुले वाचली. पण काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येई, सांधे दुखत, अंगभर गांधी उठत. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने आणि बेला शिक या त्याच्या सहकाऱ्याने ही मुले बारकाईने पाहिली. पुन्हा सिरम टोचले तर त्रास आठ दिवस थांबत नाही, लगेच येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०५ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. म्हणजे मुलांचे शरीर घोड्याला ओळखू लागले होते, आणि ती ओळख शत्रुत्वाची होती. शरीराची ही बदललेली वागणूक सांगायला पिर्केने १९०६ साली दोन ग्रीक शब्द जोडून एक नवा शब्द घडवला: ॲलर्जी. आज शेजारची काकूसुद्धा वांग्याची ॲलर्जी आहे म्हणते, त्या शब्दाच्या मुळाशी घोड्याचे रक्त आहे. आपल्याकडे साप चावलेल्या माणसाला जे औषध टोचतात तेही घोड्याच्याच रक्तातून निघते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ते किती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले याचा हिशेब कोण ठेवणार! आमच्या गावातला एक गडी त्यावर वाचलेला मी पाहिला आहे. घोड्याचे उपकार आबा म्हणत त्याहूनही मोठे आहेत.

मौज अशी की त्याच सुमारास घोड्यांच्याही कातडीला प्रश्न विचारणे सुरू झाले होते, पण वेगळ्या रोगासाठी. ग्लँडर्स हा घोड्यांचा भयंकर सांसर्गिक रोग. नाकातून पू वाहतो, फुप्फुसात गाठी होतात, आणि तो माणसालाही लागतो. बाहेरून धडधाकट दिसणारा घोडा आतून रोगी असू शकतो, आणि एकच घोडा सगळी पागा संपवतो. रशियात हेलमान आणि काल्निंग या दोघा पशुवैद्यांनी १८९०-९१ च्या सुमारास ग्लँडर्सच्या जंतूंपासून मॅलीन नावाचा अर्क काढला. काल्निंग त्या कामातच ग्लँडर्स होऊन १८९१ साली मेला. आधी हा अर्क कातडीखाली टोचून ताप चढतो का ते पाहत. पुढे खालच्या पापणीच्या कातडीत थेंबभर टोचण्याची रीत आली. घोडा रोगी असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत पापणी सुजून डोळा मिटतो आणि त्यातून पू गळतो. निरोगी असेल तर काही होत नाही. इतकी सरळ साक्ष! तिच्या जोरावर रोगी घोडे वेचून मारले, आणि कित्येक देशांतून हा रोग हटला. हिंदुस्थानातही १८९९ साली ग्लँडर्ससाठी स्वतंत्र कायदा झाला. तरी २००६ साली तो महाराष्ट्रात पुन्हा उगवलाच.

ग्लँडर्सच्या या यशाने पशुवैद्यांचा कातडीवर विश्वास बसला असेल तर नवल नाही. छातीतला एक रोग कातडी इतक्या खरेपणाने सांगते, तर दुसरा का सांगणार नाही?

आणि धापेचा संशयित तर समोरच होता, वाळलेले गवत. घोडा कुरणात सोडला की बरा होतो, तबेल्यात बांधला की पुन्हा धापतो, हे जुने पागेवाले सांगतच आले होते. १९६३ साली लंडनच्या जॅक पेपिस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या एका फुप्फुसरोगाचे मूळ बुरसटलेल्या गवतात दाखवले. ओलसर गवताची गंजी रचली की ती आतून तापते, इतकी की हात घालवत नाही, आणि त्या उष्णतेत विशिष्ट जंतू आणि बुरशा माजतात. पेंढी सोडली की त्यांची बारीक भुकटी उडते आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, फ्रान्सिस लॉवेल या अमेरिकन डॉक्टरने घोड्याची धाप माणसाच्या दम्यासारखी कशी आहे यावर निबंध लिहिला. तो माणसांचा डॉक्टर होता हे विशेष. फ्लॉयरने घोडीत स्वतःला पाहिले, लॉवेलने घोड्यात आपले रोगी पाहिले.

मग घोड्यांच्या मानेवर सुया चालू लागल्या. मानेच्या बाजूचे केस भादरायचे, खुणा करायच्या, आणि बुरशीचे, धुळीचे, परागांचे अर्क कातडीच्या आत थेंबभर टोचायचे. एका जागी नुसते मिठाचे पाणी, म्हणजे सुईचीच गांधी कुठली ते कळते. एका जागी हिस्टामिन, म्हणजे कातडी जागी आहे याची खात्री होते. अर्ध्या तासाने पाहायचे, मग चार-सहा तासांनी, मग दुसऱ्या दिवशी. पुण्यात माझ्या हाताला वीस मिनिटांत सुटी मिळाली. घोड्याची परीक्षा दिवसभर चाले.

आणि इथे ती गंमत. दमेकरी घोड्यांच्या माना बुरशीच्या अर्कांनी सुजल्या खऱ्या, पण निरोगी घोड्यांच्याही सुजल्या! तबेल्यात राहणारा कोणता घोडा बुरशी हुंगत नाही? त्याचे रक्त बुरशीला ओळखतेच. ओळख म्हणजे भांडण नव्हे. एडिंबरोच्या पशुवैद्यकीय शाळेत मॅकगोरम, डिक्सन आणि हॅलिवेल यांनी हा प्रश्न तडीस नेला. त्यांनी धापेच्या घोड्यांना बुरशीचे अर्क हुंगायला दिले, गवताच्या धुळीत उभे केले, आणि कातडीचीही परीक्षा घेतली. १९९३ साली त्यांचे निष्कर्ष छापले गेले. कातडीचा जबाब आणि फुप्फुसाचा जबाब जुळेना. कातडीवर गांधी उठली म्हणून त्या घोड्याला त्याच वस्तूने धाप लागते असे म्हणता येईना.

पुढच्या काळात कारणेही उलगडत गेली. माणसाच्या दम्यात बहुधा फुप्फुसात एका जातीच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. धापणाऱ्या घोड्याच्या फुप्फुसात दुसऱ्याच जातीच्या, ज्या जंतूंशी लढायला धावतात. गवताच्या धुळीत बुरशी एकटी नसते. मेलेल्या जंतूंच्या अंगची विषेही असतात, आणि ती फुप्फुसाला थेट डिवचतात. म्हणजे घोड्याची तक्रार एका आरोपीविरुद्ध नाहीच, सगळ्या धुळीविरुद्ध आहे. आरोपींची ओळखपरेड घेऊन काय उपयोग? रोगाचे नावही बदलत गेले. २००० साली मिशिगनच्या बैठकीत एक नाव ठरले, पुढे २०१६ च्या सुमारास सगळ्यांनी ‘घोड्याचा दमा’ हेच साधे नाव पत्करले. तीनशे वर्षांनी फ्लॉयरपाशी परत.

मला या गोष्टीत पराभव दिसत नाही. कातडीची परीक्षा खोटी नव्हे; माशा-चिलटांच्या चाव्याने खाजणाऱ्या घोड्यांत ती अजूनही कामाला येते. ती कातडीविषयी खरे सांगते. फुप्फुसाविषयी तिला विचारले, हा विचारणाऱ्याचा उतावळेपणा. तरी परदेशात अजून घोड्याचे मालक सुयांच्या आणि रक्ताच्या परीक्षांवर पैसे ओततात, कागदावर पंधरा-वीस नावांची यादी मिळाली की समाधान पावतात, आणि घोडा त्याच तबेल्यात उभा असतो. मला त्यांचा राग येत नाही. शत्रूचे नाव कळले की अर्धी लढाई जिंकल्यासारखे वाटते. माझ्याही पाकिटात असा एक कागद आहे.

उपाय काय, तर पागेवाले सांगत होते तोच. घोडा उघड्यावर ठेवा. गवत द्यायचेच तर पाण्यात बुडवून, निथळवून द्या म्हणजे धूळ उडणार नाही. गवताचा बिछाना काढा. माळ्यावरची पेंढी दुसरीकडे हलवा. वर औषधे आहेतच, माझ्या फवाऱ्यातली तीच, फक्त घोड्याच्या नाकाला बसेल एवढ्या मुखवट्यातून. पण धूळ तशीच ठेवून नुसत्या औषधाने भागत नाही.

१९८७ च्या आश्विनात पाऊस उघडला तेव्हा तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर गावात आले होते. त्यांनी पाखरीला बाहेर, ओढ्याकाठच्या लिंबाखाली बांधायला सांगितले. कारण सांगितले असेल तरी आबांना ते कळले नाही. पंधरा दिवसांत तिची धाप बसली. आबांनी सालोत्र्याला नारळ आणि लुगडे दिले. श्रेय धुरीला गेले. पुढच्या पावसाळ्यात ती भिजेल म्हणून त्यांनी तिला पुन्हा आत घेतले. पोती कोंबली, बिछाना केला, धुरी दुप्पट केली. श्रावणात एका पहाटे ती गोठ्यातच गेली. आबा पुढे अकरा वर्षे जगले. टांगा विकला, पण कधी विषय निघालाच तर म्हणत, “त्या वर्षी धुरी जरा कमी पडली.”

मला हे सारे उमगले तेव्हा आबा नव्हते. असते तर सांगितले असते का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

माझ्या हातावर ज्या दोन खुणा सर्वांत मोठ्या फुगल्या, त्या घरातली धूळ आणि बुरशी या होत्या. माणसात ही साक्ष पुष्कळदा खरी निघते. डॉक्टरांनी जुन्या वस्तू झोपायच्या खोलीतून काढायला सांगितल्या. पुस्तके बाहेर गेली, गोधड्या गेल्या. भिंतीच्या खुंटीवर पाखरीचा तोबरा होता. त्याच्या तळाच्या शिवणीत अजून हरभऱ्याची टरफले आणि पिठासारखी धूळ आहे. बायकोने तो उचलला तेव्हा मी काही बोललो नाही. तिने तो नीट झटकला नाही, टाकलाही नाही. पडवीत, जिथे वारा येतो, तिथे टांगून ठेवला.